वाचणारं बोट

शिशिरातली संध्याकाळ अजिंक्यताऱ्यावरून उतरते ती घाई न करता उतरते. आधी तटाच्या माथ्यावर क्षणभर टेकते, मग वाळल्या गवताच्या सोनसळी उतारावरून हळूहळू खाली येते, आणि मग अवघा सातारा रंगात बुडतो. कौलं तांबूस, धूर तांबूस, मंगळवार तळ्याचं निश्चल जळ तांबूस. तेवढ्या घटकेपुरती गरिबाची भिंतही श्रीमंत दिसते.

कुमुदला यातला एकही रंग ठाऊक नव्हता. ती जन्मांध होती. तरी संध्याकाळ तिला कधी चुकली नाही. उंबऱ्यावरची ऊब पावलाखालून सरकली, शेजारच्या बंबात ढलप्या पडल्या, पिंपळावर साळुंक्यांचं भांडण पेटलं, की ती म्हणायची, "गड तांबडा झाला असेल आता."

"तुला काय माहीत गं, तांबडं कसं असतं?" वामन विचारायचा.

"तुला तरी कुठं माहीत आहे?"

मग दोघं हसायची. वामन तिचा नवरा, आणि तोही जन्मांधच. दोघांच्या चार डोळ्यांत मिळून उजेडाचा कवडसा नव्हता, पण त्या घरातलं हसू गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं.

अंधशाळेत एका बाकावर बसून दोघांनी अक्षरं गिरवली होती. म्हणून चारचौघांत ती त्याला अहो म्हणे, आणि दार लागलं की वामन. तो मात्र तिला कुमेच म्हणे, दार लागलेलं असो वा उघडं. ती एका सरकारी कचेरीत टेलिफोन जोडून देई. तो अंध कलावंतांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवी आणि गावोगाव हिंडे. दौऱ्यावरून तो कचेरीत फोन करी. जोडणारीही तीच, बोलणारीही तीच. त्यामुळे पंधरा वर्षांच्या संसारात पत्र लिहिण्याची वेळ कुणावर आली नाही.

त्यांची ब्रेल लिपी म्हणजे जाड कागद, टोचणीने उठवलेले ठिपके, सहा ठिपक्यांचं एक घर; त्या सहांच्या मांडणीत सारी मराठी, सारं गणित, सारं जग. "सहा ठिपक्यांत तुझं राज्य, सहा तारांत माझं," वामन म्हणे. "देवानं आपल्याला सहाच दिलं, पण हात राखून नाही दिलं."

कुमुदचं राज्य खरोखरच मोठं होतं. पोस्टाने ब्रेलची जाडजूड पुस्तकं येत आणि ती अधाशासारखी वाची. वाची ती डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने. साय न मोडता दुधावरून फिरावं तसं ते बोट कागदावरून फिरे. मृदू, चपळ, जागरूक, ज्ञानलोलुप बोट! उजवा हात फक्त ओळ धरून बसे. त्याला लिहिता येई, वाचता येत नसे. घरात एक कमावता आणि एक शहाणा असावा, तसे तिचे दोन हात होते.

पौषातल्या एका कोवळ्या सकाळी वामन दौऱ्यावर निघाला. विजेवरची गिटार ऑर्केस्ट्राच्या गाडीत गेली होती. घरची जुनी, लाकडी, गोड गळ्याची गिटार त्याने पेटीत निजवली आणि तिच्याखाली एक पाकीट सरकवलं. कागदाचा आवाज कुमुदने ऐकला.

"काय आहे रे ते?"

"पत्र. आयुष्यातलं पहिलं. तू गिटार शिकायचीस. माझी ती तीन मात्रांची चाल अथपासून इतिपर्यंत वाजवलीस, की पाकीट फोडायचं. त्याआधी नाही. शब्द दे."

"दिला," ती म्हणाली. त्याच्या हातावर हात मारून म्हणाली. त्याच्या डाव्या हाताची बोटं टोकांना कठीण होती, वर्षानुवर्षं तारा दाबून निबर झालेली. ती तिला फार आवडत.

आठव्या दिवशी तो गेला. मराठवाड्यातल्या कुठल्याशा गावी, शाळेच्या वर्गात सगळी मंडळी ओळीने निजली होती, तिथे पहाटे कधीतरी त्याचं हृदय थांबलं. न कण्हता, न हाक मारता थांबलं. अंधांच्या त्या मेळ्यात तो निजलाय की गेलाय हे कळायला, कुणीतरी चहाचा पेला त्याच्या हातात देईपर्यंत वेळ लागला.

दुःखाचं वर्णन काय करावं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. कुमुद कचेरीत जाई, टेलिफोन जोडी, दुसऱ्यांची माणसं दुसऱ्यांना मिळवून देई, आणि घरी येऊन भिंतीला टेकून बसे. पोस्टाने आलेली पुस्तकं तिने न उघडता परत पाठवली. कुणाच्या कथा वाचायच्या आता, आणि कुणाला सांगायच्या? ते चपळ बोट मांडीवर पडून राही, घरात माणूस नसलेल्या दिव्यासारखं.

पण पेटीत पत्र होतं. वामनचं एक बोलणं अजून व्हायचं होतं. सगळं जग म्हणत होतं की तो संपला. आणि ती एकटी जाणत होती की तो एका पाकिटापुरता उरला आहे. शब्द मोडून ते फोडणं म्हणजे त्याला फसवणं. मेलेल्या माणसाला फसवायला धजणारी माणसं असतात. कुमुद त्यांतली नव्हती.

सुतक फिटलं, महिना उलटला, आणि एका संध्याकाळी गिटारीची पेटी कवटाळून, पांढरी काठी टेकत, ती मल्हार पेठेतल्या शिंप्याच्या दुकानावरचा लाकडी जिना चढली. वर मुजावर मास्तर गिटारीचा वर्ग घेत. वामन आणि ते तरुणपणी एकाच ऑर्केस्ट्रात होते. मास्तर डोळस, साठी ओलांडलेले, आवाज खर्जातला आणि मन लोण्याचं.

"वहिनी, तुम्ही?" ते उठून उभे राहिले.

"मला त्यांची चाल शिकवा, मास्तर. तीन मात्रांची. दुसरं काही नको."

मास्तरांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती चाल त्यांना पाठ होती. प्रत्येक कार्यक्रमाआधी, पडदा उघडायच्या आत, वामन तारा जुळवून झाल्यावर तीच वाजवून पाही. मग ते म्हणाले, "चाल नुसती उचलता येत नाही, वहिनी. आधी सुरांचं घर समजून घ्यावं लागतं. बसा."

आणि सुरांचं घर तिच्यासमोर उघडलं. गिटारीच्या मानेवर आडव्या पितळी पट्ट्या. मास्तर त्यांना फ्रेट म्हणत. एका पट्टीला सूर अर्धं पाऊल चढतो. सा पासून निघालं की दोन दोन पट्ट्यांच्या ढांगा टाकायच्या, पण गंधार आणि मध्यम अगदी शेजारी, निषाद आणि वरचा षड्ज अगदी शेजारी. "तिथं मध्ये जागा नाही," मास्तर म्हणत. "भिंतीला भिंत लागलेली घरं समजा." कुमुदला ते पटकन समजलं. तिची सारी दुनियाच पावलं मोजून उभी राहिलेली होती.

तीन सूर एकदम बोलले की कॉर्ड. सा, ग, प. प्रसन्न, भरलेली, सुखवस्तू. आणि त्यातला मधला, एकटा गंधार, अर्धं पाऊल खाली उतरला की तीच कॉर्ड रडवेली होते. बाकीचे दोघे जागचे हलत नाहीत. एकच सूर उतरतो, आणि सगळ्या घरावर सावली येते. मास्तर हे शिकवून पुढे गेले. कुमुद मात्र तिथेच थांबली, आणि तो एक सूर वर खाली, वर खाली करीत राहिली. तिला हे कुणी आधी का सांगितलं नव्हतं?

वाजवण्याच्या तऱ्हाही किती! प्लास्टिकच्या लहानशा चकतीने साऱ्या तारा एकदम छेडायच्या, ती एक तऱ्हा. लग्नाच्या वरातीसारखी धूमधडाक्याची. बोटांनी एकेक तार खुडायची, ती दुसरी. परडीत जाईची फुलं वेचावीत तशी हळुवार. वामनची चाल दुसऱ्या तऱ्हेची होती. अंगठ्याने खर्जाची एक तार, आणि मग दोन बोटांची दोन उत्तरं. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. अंगठा विचारी, बोटं सांगत; अंगठा विचारी, बोटं सांगत. वामन आणि ती अशीच बोलत असत.

उजव्या हाताचं काम नाजूक, डाव्याचं कष्टाचं. पोलादी तारा लाकडाशी घट्ट दाबून धरायच्या, नाहीतर सूर भुणभुणतो. आणि त्या चालीत मध्येच एक दुष्ट कॉर्ड होती. तिच्यासाठी पहिलं बोट साऱ्या सहा तारांवर आडवं टाकून, उरलेल्या बोटांनी पुढच्या पट्ट्या गाठायच्या. पहिल्या बोटाने सगळ्या घराचा भार उचलायचा. चैत्र आला, पिंपळाला तांबूस कोवळी पानं फुटली, कुठे कोकीळ बोलू लागला, आणि कुमुद त्या एका कॉर्डपाशी अडून बसली होती. बोटं सुजली. फोड आले, फुटले, पुन्हा आले. कचेरीत टेलिफोनची खटकी ओढताना ती ओठ चावून घेई.

"राहू द्या चार दिवस," मास्तर म्हणत.

"नको. शिकवा."

ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. श्रावणात एके दिवशी मास्तरांनी तिचा डावा हात उजेडात धरला आणि ते हरखून ओरडले, "वहिनी, घट्टे पडले! चारी बोटांना! आता तार बोचायची नाही. हा घट्टा म्हणजे गिटारवाल्याचं कुंकूच की हो!"

बोलून गेले आणि जीभ चावली. विधवेसमोर काय बोललो हे त्यांना उशिरा कळलं. पण कुमुद रागावली नाही. ती आपल्या बोटांची टोकं अंगठ्याने चाचपून पाहत होती.

त्या संध्याकाळी घरी येऊन तिने दार लावलं आणि आपलीच डावी बोटं आपल्याच गालावर फिरवली. कठीण, निबर, खरखरीत, प्रेमळ. तो वामनचा हात होता. अगदी तोच. तिने तो हात गालाशी दाबून धरला आणि सात महिन्यांत पहिल्यांदा ती पोटभर रडली. त्या दिवसापासून तिने तारा अधिकच जोराने दाबल्या. दाबल्या, दाबल्या, रोज दाबल्या. बोट जितकं निबर होई, तितका तो जवळ येई. वेडीच होती! पण असलं वेड लागायला आधी कुणावर तरी तसा जीव लावावा लागतो.

शरद आला, आकाश धुतल्यासारखं झालं म्हणतात. हेमंत आला, हुरड्याचा खमंग वास वाऱ्यावर आला. चाल आता सरळ उभी राहत होती. शेवटचीच चार वळणं उरली होती, आणि तिथे कुमुद रेंगाळू लागली. मुद्दाम चुकू लागली. मास्तरांना वाटे, बाई थकल्या. खरी गोष्ट निराळी होती. चाल पुरी झाली की पाकीट फोडायचं, पाकीट फोडलं की वामनचं शेवटचं बोलणं ऐकून संपायचं. त्यानंतर काय उरणार होतं? जेवताना माणूस आवडीचा घास ताटाच्या कडेला सारून ठेवतो ना, तशी ती ते पत्र सारून ठेवीत होती. गिटार पेटीत ठेवताना मात्र रोज पाकिटाला हात लावी. आहे ना? आहे. मग त्यावर गिटार निजवी आणि झाकण लावी.

शेवटी वर्ष भरलं. वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, मास्तरांच्या वर्गात दुसरं कुणी नसताना तिने गिटार मांडीवर घेतली आणि वामनची चाल वाजवली. अथपासून इतिपर्यंत. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. ती दुष्ट कॉर्ड आली आणि नम्रपणे वाकून गेली. तो एकटा गंधार उतरला, सावली पडली, गंधार चढला, सावली सरली. शेवटचा खर्ज विरेपर्यंत खालच्या शिंप्याचं यंत्रही थांबलेलं होतं.

मास्तरांनी नाक शिंकरलं. "झालं, वहिनी. आता यात माझं काही शिकवायचं उरलं नाही."

"मास्तर, मला एक पत्र वाचायचं आहे," ती म्हणाली, आणि तिने त्यांना सारं सांगितलं.

"मग इथं काय बसलात? जा! जा लवकर!"

ती गेली. पेटी सांभाळत, काठी आपटत, लगबगीने, नवी नवरी माहेरी निघावी तशी गेली. घरी येऊन तिने हात धुतले, कोरडे केले, उंबऱ्यात उन्हाला पाठ करून बसली, आणि पाकीट फोडलं. जाड कागदाचा वास आला. वर्षभर कोंडलेला, लाकडाचा, किंचित वामनचा. तिने कागद मांडीवर पसरला, उजव्या हाताने ओळ धरली, आणि डाव्या हाताचं पहिलं बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं.

काहीच लागलं नाही.

तिने बोट सरकवलं. कागदावर काहीतरी होतं खरं; भुरभुरीत वाळूसारखं, पुसट, बिनओळखीचं. ठिपका कुठला, मोकळी जागा कुठली, कळेना. दुसरं बोट लावलं, तिसरं लावलं. चारीही दगड. अंगठा मुळातच अडाणी. उजव्या हाताचं बोट टेकवलं. त्याला ठिपके लागले, पण अक्षर लागेना. लिहिताना कागदाच्या मागून, उजवीकडून डावीकडे टोचावं लागतं. त्या हाताला सगळी अक्षरं उलटीच ठाऊक, आणि दबून बसलेल्या ठिपक्यांतून ती सुलटी करून घेणं त्याला जमेना.

मग तिला समजलं. ज्या बोटाने वामनला वाचायचं, त्याच बोटाने ती वर्षभर वामनला वाजवीत होती. वाचणारं बोट तिने स्वतःच्या हाताने, रोज, मन लावून, मारलं होतं. कागद मांडीवर तसाच राहिला आणि ती उंबऱ्यात कितीतरी वेळ बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ऐकलं आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "चाळीस वर्षं शिकवतोय मी. घट्टा पडला की पेढे वाटतो. तुम्ही बोटानं वाचता हे मला माहीत होतं हो, वहिनी. माहीत असून कसं सुचलं नाही? माझ्या या डोळ्यांना काय जाळायचंय?"

"मला तरी कुठं सुचलं, मास्तर? बोट तर माझंच होतं."

"वाजवणं सोडा. दीड-दोन महिने तारेला शिवू नका. कोमट पाण्यात बोटं बुडवा. कातडी सोलून नवी येईल."

पण पत्राला तेवढा दम होता का? ते विचारायला ती अनसूयेकडे गेली. अनसूया शाळेतली मैत्रीण, तीही अंध, वेताच्या खुर्च्या विणणारी. अनसूयेने कागदाच्या रिकाम्या कडेवरून आणि कोपऱ्यातल्या एका अक्षरावरून बोट फिरवलं आणि ती चुकचुकली.

"कुमे, ठिपके बसलेत गं. वर्षभर गिटारीखाली दाबून ठेवलंस होय? ब्रेलचा कागद कुणी असा ठेवतं का? दोन महिन्यांनी माझ्यासुद्धा हाताला लागायचं नाही हे. आण, मी वाचून दाखवते."

कुमुदने कागद पुढे केला. अनसूयेचं बोट पहिल्या ओळीशी टेकणार, इतक्यात तिने तो झटकन ओढून घेतला.

"अगं, मी काय कुणाला सांगणार आहे?"

"तसं नाही गं. नवऱ्याचं पहिलं पत्र. ते दुसऱ्याच्या तोंडून कसं ऐकू?"

"मग तुझ्या हट्टापायी राहील तसंच," अनसूया म्हणाली. चिडून म्हणाली.

कोमट पाणी झालं. साय झाली. खोबरेल झालं. पाच दिवस गेले आणि घट्टा ढिम्म हलला नाही. रोज कागद काढावा, रोज बोट ठेवावं, रोज वाळूच लागावी. आणि रोज त्या हात लावण्यानेच ठिपके आणखी थोडे बसावेत. सहाव्या दिवशी तिचा धीर सुटला. न्हाणीघरातली, टाचा घासायची पितळी वज्री तिने उचलली आणि ते बोट घासायला घेतलं. घासलं, घासलं, दात आवळून घासलं. घट्ट्याची पापुद्री निघाली, त्याखालची निघाली, आणि मग ऊन, चिकट, ओलं काही तळहातावर ओघळलं. हे रक्त आहे हे समजायला डोळे लागत नाहीत.

आता त्या बोटाला चिंधी बांधायची होती. चिंधीतलं बोट काय वाचणार? अडाण्याने गाठ सोडवायला जावं आणि धागाच तोडावा, तसं झालं.

ती दुपार मोठी निर्दय होती. गल्ली निपचित. पिंपळाची पिकली पानं एकेक गळत होती, आणि प्रत्येक पान अंगणात पडल्याचं कुमुदला ऐकू येत होतं. तिने पत्र हातात घेतलं. आता वाचण्यासाठी नव्हे, नुसतंच. ज्याला वाचता येत नाही तोही आपल्या माणसाचं पत्र उराशी धरतोच की. तिने ते उराशी धरलं. मग नाकाशी नेलं, वास घेतला. मग तिला राहवलं नाही. तिने तो कागद ओठांशी नेला आणि त्याचं चुंबन घेतलं.

ओठांना काहीतरी टोचलं.

फार हळू टोचलं. एक वर, एक खाली, मधली जागा मोकळी. श्वास रोखून तिने ओठ तसेच ठेवले. वर एक, खाली एक, मधे मोकळं. क. तिने कागद केसभर सरकवला. तेच दोन, आणि उजवीकडे तळाला तिसरा. उ. पुन्हा सरकवला. डावीकडे दोन, उजवीकडे माथ्याला एक. म. पुढचं अक्षर ओठांखाली येण्याआधीच तिच्या काळजाने वाचलं होतं.

कुमे.

ओठांनी वाचायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं. बोलणारे ओठ, जेवणारे ओठ, वर्षभर मिटलेले ओठ. त्यांना कुठल्या तारेने निबर केलं नव्हतं. ती वाचू लागली. मूल पहिल्या दिवशी शाळेत वाचतं तशी, अडखळत, मागे जात, पुन्हा पुढे येत. एका ओळीला घटका लागे. आणि ओळीओळीतून तो बोलू लागला. त्याच थट्टेखोर, त्याच ऐसपैस आवाजात.

कुमे, तुझा शब्द मला पक्का ठाऊक आहे. शाळेत वाढदिवसाची भेट तू आदल्या रात्रीच चाचपून ठेवायचीस. माझी एस.टी. सुटायच्या आत तू हे फोडलेलं असणार. बरं केलंस. त्यासाठीच पेटीत ठेवलं होतं, की निदान पेटी तरी उघडशील.

आता नीट ऐक. मी येईपर्यंत तारेला डावा हात लावू नकोस. तुझं वाचायचं बोट त्या हाताचं आहे. माझं वाचायचं बोट उजवं, म्हणून माझं निभावलं. मी आलो की मास्तरांना सांगून तारा उलट्या लावून घेऊ, मग तू उजव्याने दाब आणि डाव्याने खुड. तोवर नुसती मांडीवर घेऊन बस. तुझं बोट गेलं, तर संध्याकाळी मला गोष्टी कोण वाचून दाखवणार?

इथे कुमुद थांबली.

म्हणजे त्याला सुचलं होतं. कुणालाच सुचलं नाही ते त्याला सुचलं होतं, आणि त्याने ते लिहून, नीट घडी घालून, तिच्या हाताखाली ठेवलं होतं. वर्षभर. ती रोज त्या पाकिटाला हात लावीत होती, आणि रोज त्यावर गिटार निजवीत होती. एकदा, फक्त एकदा तिने त्याला फसवलं असतं, तर बरं झालं असतं. तो तर वाटच पाहत होता फसवून घ्यायची! तिने शब्द पाळला, आणि पाळून चुकली. मरणाने त्याला नेलं ते एकदा. पण हे वर्ष तिने आपल्या हाताने घालवलं होतं.

कढ पोटातून उठला. उरात आला, गळ्यात आला, डोळ्यांत आला. आणि तिथेच तिने तो अडवला. कागद ओला झाला की ठिपके बसतात. एक आसू पडलं, तर एक अक्षर जाणार. दोन पडली, तर एक शब्द. वर्षभर ती हवी तेव्हा रडू शकली होती. आज रडायची सोय नव्हती.

तिने मान मागे घेतली. पदराने डोळे कोरडे केले, गाल कोरडे केले, ओठ कोरडे केले. श्वाससुद्धा नाकाने, बाजूला सोडला, कागदाला दमट लागू नये म्हणून. अजून चार ओळी उरल्या होत्या. चारच.

बाहेर पान गळत होतं, पान गळत होतं. आणि घरात, दार लावून, कागद दोन्ही तळव्यांवर तोलून, डोळे कोरडे ठेवून, कुमुद वामनला वाचत होती. एकेक ठिपका, एकेक ठिपका, ओठांनी.